हाथवे केबल अँड डाटाकॉम : वित्तीय कामगिरी आणि गुंतवणूकदाराचे हित – एक चिकित्सा

प्रस्तावना

१९९० नंतरच्या दशकात मुंबईतील चाळींच्या आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवरून काळ्या तारा लोंबू लागल्या आणि ‘केबलवाला’ हा शब्द घरोघरी रुळला. या तारांच्या मागे हळूहळू मोठे भांडवल उभे राहिले. हिंदुजा समूहाची इनकेबल, झी समूहाची सिटीकेबल आणि राजन रहेजा समूहाची हाथवे ही त्या काळातील तीन ठळक नावे. यांपैकी हाथवे केबल अँड डाटाकॉम ही कंपनी मुंबईत वाढली, नाशिक आणि लातूरसारख्या ठिकाणी तिने स्थानिक केबलचालकांबरोबर संयुक्त कंपन्या काढल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तिचे समभाग भांडवल बाजारात दाखल झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजने तिचे नियंत्रण मिळविण्याची घोषणा केली. कर्जात रुतलेली कंपनी आज कर्जमुक्त म्हणविली जाते, तोट्याच्या जागी नफा दिसतो. तरीही जो सामान्य भागधारक आरंभापासून तिच्याबरोबर राहिला त्याच्या पदरी काय पडले, हा प्रश्न शिल्लकच आहे. प्रस्तुत लेखात कंपनीच्या वित्तीय पत्रकांचा विचार याच प्रश्नाच्या अंगाने केला आहे.

वाणिज्य शाखेच्या वर्गात गुणोत्तर विश्लेषण शिकविताना विक्री, नफा आणि भांडवल यांचे आकडे फळ्यावर मांडून टक्केवारी काढली जाते. आकडे कोठून आले हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला क्वचितच लावली जाते. हाथवेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे; कारण येथे जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याच्या पोटात दुसराच काही अर्थ दडलेला आढळतो.

केबलच्या बिलाचे गणित

या धंद्यातील विक्रीचा आकडा समजून घ्यावयाचा तर ग्राहकाच्या बिलापासून सुरुवात करणे क्रमप्राप्त आहे. जुन्या, म्हणजे अॅनालॉग पद्धतीत गल्लीतील केबलचालक पैसे गोळा करीत असे आणि आपल्याकडे नेमकी किती घरे आहेत हे वरच्या कंपनीला तो कधीच पूर्ण सांगत नसे. शंभर घरे असतील तर दहा-वीस दाखवावयाची, हा रिवाज होता. त्यामुळे हाथवेसारख्या कंपनीला ग्राहकांकडून मिळणारे उत्पन्न तुटपुंजे असे. ती तूट वाहिन्यांकडून मिळणाऱ्या ‘कॅरेज’ शुल्कातून भरून निघे. तारेतून जेमतेम शंभरच्या आत वाहिन्या जात असल्याने चांगल्या जागेसाठी वाहिन्या पैसे मोजीत. २०१० साली समभाग विक्रीस आले तेव्हा हीच व्यवस्था चालू होती. डिजिटल पद्धत आली की लपविलेली घरे उघड होतील आणि पैशाचा ओघ केबलचालकाच्या खिशातून कंपनीच्या तिजोरीकडे वळेल, या एका अपेक्षेवर २४० रुपयांचा भाव उभा होता.

अपेक्षा अर्धीच खरी ठरली. २०११ च्या केबल टेलिव्हिजन दुरुस्ती कायद्यानुसार मुंबईसह चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२ ही अखेरची मुदत ठरली, दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत ३१ मार्च २०१३, आणि पुढील टप्पे रखडत रखडत मार्च २०१७ पर्यंत गेले. प्रत्येक घरात सेट टॉप बॉक्स बसवावयाचा होता आणि ग्राहक त्याची पूर्ण किंमत देण्यास तयार नव्हता. बॉक्सचा खर्च कंपनीच्या माथी आला, तो कर्जातून भागविला गेला. घरे मात्र केबलचालकाच्याच ताब्यात राहिली. बॉक्स कंपनीचा, तार आणि ग्राहक केबलचालकाचा, असा हा विचित्र संसार होता. नोंदणीनंतरची बहुतेक वर्षे तोट्याची गेली यात नवल नाही.

१ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची (ट्राय) नवी दरपद्धती प्रत्यक्षात आली. तिच्यानुसार पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये जाळे शुल्क आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हा आकडा घरोघरी पाठ झाला. वेगळा करार नसेल तर या १३० रुपयांपैकी ५५ टक्के वरच्या कंपनीचे आणि ४५ टक्के केबलचालकाचे, म्हणजे अनुक्रमे ७१ रुपये ५० पैसे आणि ५८ रुपये ५० पैसे. ग्राहकाने १९ रुपयांची एखादी सशुल्क वाहिनी घेतली तर त्यातील किमान २० टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे, वितरणाचे. उरलेले १५ रुपये २० पैसे वाहिनीचे. त्या ३ रुपये ८० पैशांचीही पुन्हा वाटणी होऊन कंपनीच्या हाती दोन रुपये आणि काही पैसे राहतात.

या हिशेबाचा परिणाम वित्तीय पत्रकांत कसा उमटतो हे पाहण्याजोगे आहे. वाहिनीची किंमत कंपनीच्या पुस्तकातून जाते, त्यामुळे विक्री फुगते. पण तेवढाच खर्चही वाढतो. २०१८-१९ मध्ये सुमारे साडेपंधराशे कोटी असलेली एकत्रित विक्री २०१९-२० मध्ये अठराशे कोटींच्या घरात गेली. ही वाढ पाहून ‘नव्या मालकाच्या हाताला यश आले’ असा निष्कर्ष काही लेखांत काढला गेला. वस्तुतः तिचा मोठा भाग हा केवळ पैशाच्या मार्गात झालेल्या बदलाचा परिणाम होता. पोस्टमनने वाटलेल्या मनीऑर्डरी त्याच्या पगारात धरण्यासारखा हा प्रकार आहे. त्यानंतरच्या पाच वर्षांत विक्री २०२४-२५ मध्ये दोन हजार कोटींच्या किंचित वर पोहोचली. वार्षिक वाढीचा दर काढला तर तो अडीच टक्क्यांच्या आसपास येतो. महागाईचा विचार करता याला वाढ म्हणणे कठीण आहे.

नफ्याचा उगम

केबल उद्योगाला एक मापदंड विशेष प्रिय आहे. व्याज, कर, घसारा आणि निर्लेखन वजा करण्यापूर्वीचे उत्पन्न, ज्याला व्यवहारात ‘एबिटा’ म्हणतात, ते या उद्योगानेच लोकप्रिय केले. अमेरिकेतील टीसीआय या केबल कंपनीचे प्रमुख जॉन मेलोन यांनी १९७० नंतरच्या काळात गुंतवणूकदारांचे लक्ष निव्वळ नफ्यावरून या आकड्याकडे वळविले. एकदा तार जमिनीत पुरली की ती वर्षानुवर्षे पैसे देते, तेव्हा घसारा हा कागदी खर्च होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकेतील मक्तेदारीच्या परिस्थितीत त्यात तथ्य होते. भारतात मात्र सेट टॉप बॉक्स मोडतो, हरवतो, ग्राहक निघून गेला की कपाटात धूळ खात पडतो. तांब्याच्या तारेवरील मोडेम फायबर येताच निरुपयोगी ठरतो. येथे घसारा हा शब्दशः खरा खर्च आहे. जुना बॉक्स गेला की नवा विकत घ्यावाच लागतो.

हाथवेच्या अलीकडील वर्षांच्या पत्रकांत एबिटातून घसारा वजा केला तर मूळ धंद्यातून फारसे काही उरत नाही. मग नफा येतो कोठून? करोत्तर एकत्रित नफा २०१९-२० मध्ये सुमारे १०५ कोटी, २०२०-२१ मध्ये सुमारे २५३ कोटी, २०२२-२३ मध्ये सुमारे ६५ कोटी आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत शंभर कोटींच्या जरा आत असा राहिला. त्याचे दोन प्रमुख झरे आहेत. पहिला ‘इतर उत्पन्न’, म्हणजे रिलायन्सकडून आलेल्या भांडवलापैकी जी रक्कम धंद्यात न गुंतविता वित्तीय साधनांत ठेवली आहे तिच्यावरील परतावा. दुसरा, सहयोगी कंपन्यांच्या नफ्यातील वाटा, आणि त्यात मुख्यत्वे जीटीपीएल हाथवे ही गुजरातेतील कंपनी.

जीटीपीएलचा विचार थोडा थांबून केला पाहिजे. तिच्यात हाथवेचा वाटा ३७.३२ टक्के आहे. ती २०१७ मध्ये १७० रुपये भावाने स्वतंत्रपणे बाजारात आली आणि तिची वार्षिक विक्री आता तीन हजार कोटींच्या वर आहे. म्हणजे सहयोगी कंपनी मूळ कंपनीहून मोठी झाली आहे. वाटा निम्म्याहून कमी असल्याने तिची विक्री हाथवेच्या एकत्रित पत्रकात मिसळली जात नाही, नफ्याचा वाटा मात्र एका ओळीत धरला जातो. हा वाटा कागदावरचा आहे. हाथवेच्या बँक खात्यात प्रत्यक्ष येतो तो फक्त जीटीपीएलने जाहीर केलेला लाभांश. २०२४-२५ मध्ये जीटीपीएलचा नफा जवळजवळ निम्म्यावर आला, तेव्हा हा आधारही भक्कम मानता येत नाही.

आणखी एका बाबीकडे विद्यार्थीच काय, अनुभवी वाचकही दुर्लक्ष करतात. २०१७ मध्ये कंपनीने आपला केबल टीव्हीचा व्यवसाय हाथवे डिजिटल या पूर्ण मालकीच्या उपकंपनीकडे सोपविला. तेव्हापासून कंपनीचे स्वतंत्र पत्रक म्हणजे मुख्यतः ब्रॉडबँडचे पत्रक होय, आणि त्यातील विक्री सहाशे कोटींच्या आसपास घुटमळते. स्वतंत्र पत्रक वाचणारा कंपनीला इंटरनेट कंपनी समजतो, एकत्रित पत्रक वाचणारा तिला केबल कंपनी समजतो, आणि नफ्याचा उगम शोधणाऱ्याला ती काही अंशी गुंतवणूक कंपनी वाटू लागते.

एकूण भागभांडवल व राखीव निधीवर मिळणारा परतावा दोन ते अडीच टक्के इतकाच भरतो. बँकेतील मुदत ठेवही याच्या दुपटीहून अधिक देते. समभागाचे पुस्तकी मूल्य चोवीस रुपयांच्या आसपास असताना २०२५ मध्ये बाजारभाव वीस रुपयांखाली राहिला. ‘पुस्तकी मूल्यापेक्षा स्वस्त’ अशी शिफारस यावरून केली जाते. परंतु जे भांडवल दोन टक्के कमावते ते पुस्तकातील किमतीला विकले जात नाही, यात बाजाराची चूक मानण्याचे कारण नाही.

प्रवर्तक हाच प्रतिस्पर्धी

रिलायन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये हाथवेत २,९४० कोटी रुपये गुंतवून ५१.३ टक्के आणि त्याच वेळी डेन नेटवर्क्समध्ये २,०४५ कोटींचे नवे भांडवल व २४५ कोटींची समभाग खरेदी करून ६६ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. हाथवेचा भाव ३२ रुपये ३५ पैसे ठरला. त्या वेळच्या निवेदनात दोन्ही कंपन्यांशी जोडलेल्या २७,००० स्थानिक केबलचालकांचा आणि त्यांच्या २ कोटी ४० लाख घरांचा ठळक उल्लेख होता. खरेदीचा हेतू त्यातच स्पष्ट होता. विकत घेतले गेले ते जिना चढून ग्राहकाच्या दारापर्यंत जाणाऱ्या माणसांचे जाळे. कंपनीचा नफा हा त्यामानाने गौण भाग होता.

जिओफायबर ५ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाले, जिओ एअरफायबर सप्टेंबर २०२३ मध्ये. २०२५ मध्ये जिओच्या घरगुती जोडण्यांनी दोन कोटींचा टप्पा ओलांडला. याच काळात हाथवेचे ब्रॉडबँड ग्राहक अकरा लाखांच्या आसपास अडकून राहिले. एकेकाळी ट्रायच्या तारेवरील ब्रॉडबँडच्या यादीत पहिल्या पाचांत असणाऱ्या हाथवेला केरळ व्हिजन या केबलचालकांनी मिळून उभ्या केलेल्या कंपनीने मागे टाकले. हा तपशील बोलका आहे. केरळात ज्या केबलचालकांनी आपली कंपनी स्वतः चालविली त्यांची ग्राहकसंख्या वाढत गेली. देशातील सर्वांत धनाढ्य प्रवर्तक लाभलेल्या कंपनीची मात्र वाढली नाही.

येथे प्रवर्तकावर कुहेतूचा आरोप करण्याची आवश्यकता नाही. ज्याच्या हाती दोन दुकाने आहेत, एकात त्याचा हिस्सा जास्त आणि दुसऱ्यात कमी, तो नवा माल कोणत्या दुकानात मांडील हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. जिओच्या नफ्याचा रुपया रिलायन्सच्या वाट्यास जितका येतो तितका हाथवेचा येत नाही. हाथवेचा समभागधारक मात्र फक्त हाथवेचा धनी आहे. संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप वार्षिक अहवालात दिलेली असते आणि सेबीच्या नियमांनुसार वार्षिक उलाढालीच्या १० टक्क्यांवरील अशा व्यवहारांना इतर भागधारकांची संमती लागते. पण जो व्यवहार झालाच नाही, जी गुंतवणूक या कंपनीत न करता दुसऱ्या कंपनीत केली गेली, तिची नोंद कोणत्याच टिपेत होत नाही. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आणि भागधारकाच्या दृष्टीने घातक अशी ही पोकळी आहे.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. २०१८ पूर्वी हाथवेवर सुमारे दीड हजार कोटींचे कर्ज होते. नवे भांडवल आले नसते तर काय झाले असते याचे उत्तर शेजारीच आहे. सिटीकेबलची वारसदार सिटी नेटवर्क्स ही कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत दाखल करून घेण्याचा आदेश मुंबईतील राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. त्या कंपनीच्या भागधारकाची अवस्था पाहता हाथवेचा भागधारक सुदैवी म्हणावा लागेल. प्रवर्तकाने कंपनी बुडू दिली नाही हे खरे आहे. तिला पोहायला लावले नाही हेही तितकेच खरे आहे.

भागधारकाचे पंधरा वर्षांचे खाते

२०१० साली २४० रुपयांना घेतलेला १० रुपये दर्शनी मूल्याचा समभाग पुढे २ रुपयांच्या पाच भागांत विभागला गेला. म्हणजे आजच्या हिशेबाने खरेदीचा भाव ४८ रुपये. तोच पैसा सात टक्के चक्रवाढ दराने ठेवला असता तर पंधरा वर्षांत ४८ चे १३२ झाले असते. प्रत्यक्षात वीसही राहिले नाहीत, आणि या काळात लाभांशही मिळालेला नाही. निवृत्तीकडे झुकलेल्या एखाद्या प्राध्यापकाने ‘मुंबईची ओळखीची कंपनी’ म्हणून घेतलेल्या शंभर समभागांचे खाते हे असे आहे.

मधल्या काळात बाहेर पडण्याच्या दोन-तीन संधी आल्या. नियंत्रण बदलताना नियमाप्रमाणे ३२ रुपये ३५ पैसे दराने खुला देकार आला. ज्यांनी तो स्वीकारला ते आज समाधानी असतील. त्यानंतर प्रवर्तकांचा एकत्रित हिस्सा ९४ टक्क्यांच्या वर गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये हाथवे, डेन आणि टीव्ही१८ या कंपन्या नेटवर्क१८ मध्ये विलीन करण्याची योजना जाहीर झाली. हाथवेच्या १०० समभागांमागे नेटवर्क१८ चे ७८ समभाग मिळणार होते. वर्षभर भागधारक वाट पाहत राहिले आणि एप्रिल २०२१ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. त्याआधीच्या महिन्यात, किमान २५ टक्के समभाग जनतेकडे असावेत या नियमाच्या पूर्ततेसाठी, प्रवर्तकांनी १९ टक्क्यांहून अधिक हिस्सा बाजारात विकावयास काढला. आधारभूत किंमत २५ रुपये २५ पैसे होती. ज्या वस्तूला आपण ३२ रुपये मोजले ती २५ ला विकण्यास मालक तयार होता, हा संकेत त्या वेळी घेणाऱ्यांनी वाचला नाही.

डेन नेटवर्क्सची स्थिती याहून चमत्कारिक आहे. तिच्याकडील रोकड आणि वित्तीय गुंतवणूक इतकी मोठी आहे की २०२५ मध्ये बाजारात संपूर्ण कंपनीचे जे मूल्य होत होते ते त्या रकमेपेक्षाही कमी होते. म्हणजे बाजाराच्या मते तिच्या चालू धंद्याची किंमत शून्याच्या खाली, अथवा रोकड भागधारकापर्यंत कधी पोहोचणारच नाही. दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. नियंत्रण ज्याच्या हाती आहे त्याला लाभांशाची निकड नसेल तर ताळेबंदातील रुपया हा भागधारकाच्या दृष्टीने रुपया राहत नाही.

गुंतवणुकीच्या दृष्टीने पुढील काळ

उद्योगाची दिशा अनुकूल नाही. सशुल्क दूरदर्शन पाहणारी घरे २०१८ मध्ये १५ कोटी १० लाख होती, ती २०२४ मध्ये ११ कोटी १० लाखांवर आली असे केबल कंपन्यांच्या संघटनेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. एका टोकाला डीडी फ्री डिशचे विनामूल्य प्रक्षेपण, दुसऱ्या टोकाला मोबाइलवरील मालिका आणि क्रिकेट, यांच्या कात्रीत केबलचे १५३ रुपये सापडले आहेत. ट्रायने जुलै २०२४ मध्ये जाळे शुल्कावरील कमाल मर्यादा उठविली. परंतु ग्राहक निघून जात असताना दर वाढविण्याचे धाडस कोणी करील असे दिसत नाही. दूरसंचार विभागाशी इंटरनेट सेवेच्या परवाना शुल्काबाबतचा वाद ही टांगती तलवार वेगळीच.

अशा वेळी समभाग घ्यावा की नाही या प्रश्नाचे उत्तर केबलच्या भवितव्यापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून आहे. प्रवर्तकाने विलीनीकरणाचा नवा प्रस्ताव वाजवी गुणोत्तराने आणला, समभाग बाजारातून काढून घेण्यासाठी देकार दिला, किंवा पडून असलेली रोकड लाभांशाच्या रूपाने वाटली, तर आजच्या भावाला घेणाऱ्यास लाभ होईल. यांपैकी कोणतीही गोष्ट भागधारकाच्या हाती नाही आणि ती करण्याची प्रवर्तकास घाई असल्याचे गेल्या सात वर्षांच्या वर्तनावरून दिसत नाही. २०१८ नंतरच्या वार्षिक अहवालांत केबलचालकांच्या जाळ्याचे सामर्थ्य वारंवार वाचावयास मिळते. त्या जाळ्याच्या वापराबद्दल जिओकडून हाथवेला किती मोबदला मिळतो, आणि तो बाजारभावाने ठरतो काय, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारण्याचा अधिकार शंभर समभाग असणाऱ्या प्राध्यापकासही आहे.